समान वाटणीचे गणित : मसावि आणि आपला व्यवहार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत कर्जत येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची संधी विश्वस्त मंडळाने मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. माझ्याआधी या व्यासपीठावरून धर्म, संस्कार व आरोग्य या विषयांवर विद्वान वक्त्यांनी विचार मांडले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असलो तरी सारे आयुष्य कापड फाडण्यात आणि मोजण्यात गेले. त्यामुळे ज्या विषयाचा मला हातांनी अनुभव आहे, तोच विषय आज निवडला आहे. तो म्हणजे ‘मसावि’, अर्थात महत्तम सामाईक विभाजक. विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेत बसलेली काही मुले दचकली, हे मला येथून दिसले. परंतु मुलांनो, घाबरू नका. आज परीक्षा तुमची नाही, आम्हा मोठ्यांची आहे. आणि त्या परीक्षेत मी स्वतः एकदा नापास झालो आहे, हे प्रारंभीच कबूल करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा सुरू होण्याच्या सुमारास गरजू विद्यार्थ्यांना शालेय साहित्य वाटण्याचा कार्यक्रम ठरला होता आणि साहित्याचे संच बांधण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले होते. दात्यांकडून १४४ वह्या, १०८ पेन्सिली आणि ७२ खोडरबरे आली होती. वह्यांची ती थप्पी पाहून माझे मन भरून आले. म्हटले, एवढ्या वह्या आहेत तर हात आखडता का घ्यावा? प्रत्येक संचात ५ वह्या, ३ पेन्सिली आणि २ खोडरबरे घालायला सांगितली. मुले किती येणार हे कागदावर लिहिलेले होते, पण तो कागद मी उघडून पाहिला नाही. थप्पी मोठी दिसते, तेव्हा पुरेल, एवढाच माझा हिशेब!

कार्यक्रमाला ३६ मुले आली. २८ मुलांना संच मिळाले आणि वह्या संपत आल्या. शेवटी ८ मुले रांगेत उभी आणि टेबलावर वह्या अवघ्या ४. पेन्सिली मात्र २४ आणि खोडरबरे १६, म्हणजे त्या आठ जणांना अगदी बरोबर पुरतील इतकी. मी गोंधळून त्यांच्या हाती पेन्सिली व खोडरबरे देऊ लागलो. तेव्हा रांगेतील एक चिमुरडी मुलगी माझ्याकडे पाहून म्हणाली, “काका, पेन्सिल मिळाली, पण मी लिहू कशावर?”

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी लगेच बाजारात माणूस पाठवून ३६ वह्या स्वखर्चाने आणविल्या आणि आठही मुलांना पाच-पाच वह्या दिल्या. काम भागले, पण त्या मुलांना तासभर ताटकळत बसावे लागले आणि इतर मुले हातातील संच घेऊन त्यांच्याकडे पाहत राहिली. दानाच्या कार्यक्रमात आपण आठ लेकरांना अपमानाची वाट दाखवली, ही टोचणी पैसे खर्चून गेली नाही.

त्या रात्री दुकानाच्या गादीवर बसून मी कागद-पेन्सिल घेतली. १४४, १०८ आणि ७२ या तीन संख्यांना एकाच वेळी निःशेष भागणारी सर्वांत मोठी संख्या कोणती? उत्तर आले ३६! म्हणजे जास्तीत जास्त ३६ मुलांना समान संच देता आले असते : प्रत्येकी ४ वह्या, ३ पेन्सिली, २ खोडरबरे. बाकी शून्य. आलेली मुलेही ३६ होती. सारे साहित्य जणू मोजूनच आलेले होते, फक्त मोजणारा मी डोळे मिटून बसलो होतो. सहावीच्या पुस्तकातील एक उदाहरण मी सोडविले असते, तर कोणाच्याही डोळ्यांत पाणी आले नसते. त्या दिवसापासून मी एक गोष्ट मनाशी पक्की बांधली : औदार्याला गणिताची जोड नसेल, तर औदार्यसुद्धा अन्याय करते.

आता हा मसावि काढावा कसा? शाळेत मूळ अवयव पाडण्याची रीत शिकवतात. १४४ म्हणजे चार वेळा २ आणि दोन वेळा ३ यांचा गुणाकार, १०८ म्हणजे दोन वेळा २ आणि तीन वेळा ३, तर ७२ म्हणजे तीन वेळा २ आणि दोन वेळा ३. तिघांतही सामाईक असलेले अवयव म्हणजे दोन वेळा २ आणि दोन वेळा ३, त्यांचा गुणाकार ३६. रीत उत्तम आहे, पण संख्या मोठ्या झाल्या की अवयव पाडणे कठीण जाते. त्याहून जुनी आणि सोपी रीत आहे ती परस्पर भागाकाराची. ग्रीक गणिती युक्लिड याने इसवी सनापूर्वी सुमारे ३०० या काळात आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात ती मांडली आहे. ही रीत कापडवाल्याला शिकवावी लागत नाही, ती त्याच्या हातात असते.

समजा, कापडाचे दोन तुकडे आहेत, एक ९ मीटरचा आणि दुसरा ७.२० मीटरचा. मीटरपट्टी जवळ नाही. लहान तुकडा मोठ्यावर अंथरा, मोठ्याचा जेवढा भाग बाहेर राहील तो १.८० मीटर. आता हा १.८० चा भाग लहान तुकड्यावर मोजत चला. बरोबर चार वेळा बसतो, काहीच उरत नाही. म्हणजे १.८० मीटर हे दोन्ही तुकड्यांचे सर्वांत मोठे सामाईक माप झाले. मोठ्यातून लहान वजा करायचे, उरलेल्याने लहानाला मोजायचे, पुन्हा उरलेल्याने आधीच्या उरलेल्याला मोजायचे, आणि ज्या मापाने शेवटी काहीच उरत नाही ते माप म्हणजे मसावि. एवढेच त्याचे मर्म आहे.

दुकानातील प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. शाळेच्या गणवेशाच्या कापडाचे तीन तुकडे शिल्लक आहेत : ७.२० मीटर, ५.४० मीटर आणि ९ मीटर. त्यांतून समान लांबीचे, शक्य तितके मोठे तुकडे करायचे आहेत आणि एक चिंधीही वाया घालवायची नाही. प्रथम दशांशचिन्ह काढून सेंटिमीटर करावेत : ७२०, ५४० आणि ९००. यांचा मसावि १८०. म्हणजे १.८० मीटरचे अनुक्रमे ४, ३ व ५, असे एकूण १२ तुकडे. आता एखादा नोकर म्हणाला, “शेठ, १.८० काय करता, सरळ दोन-दोन मीटर फाडू,” तर काय होईल? पहिल्या तुकड्यातून ३, दुसऱ्यातून २, तिसऱ्यातून ४, असे ९ तुकडे निघतील आणि १.२०, १.४० व १ मीटर, असे मिळून ३.६० मीटर कापड कटपिसात जाईल. ३.६० मीटर म्हणजे १.८० चे बरोबर दोन तुकडे! गोल आकड्याच्या मोहाने दोन मुलांचे सदरे कटपिसाच्या टोपलीत गेले. अर्थात मसाविचे माप कामाला पुरेसे आहे की नाही हे शिंप्याला विचारूनच कात्री लावावी. गणित तुकडा समान करून देते, तो अंगाला बसेल की नाही हे गणित सांगत नाही.

दुसरे उदाहरण बांधकामाचे. एखादे सभागृह १२.६० मीटर लांब आणि ८.४० मीटर रुंद आहे असे समजू. त्यात चौरस फरशी न कापता बसवायची आहे. १२६० आणि ८४० यांचा मसावि ४२०. चार मीटर वीस सेंटिमीटरची फरशी कोणी विकत नाही, मग या उत्तराचा उपयोग काय? उपयोग असा की, दोन्ही बाजूंना निःशेष भागणारे प्रत्येक माप मसाविलाही निःशेष भागते. म्हणून दुकानातील प्रत्येक फरशीचे माप केवळ ४२० या एका संख्येवर पारखून पाहावे. ६० सेंटिमीटरची फरशी ४२० ला सात वेळा भागते, म्हणून ती चालेल : लांबीत २१, रुंदीत १४, एकूण २९४ फरश्या. ८० सेंटिमीटरची फरशी ४२० ला भागत नाही, म्हणून तिच्यासाठी कडेला कापाकापी आलीच. सांध्याची जागा गवंडी वेगळी धरतो, हे लक्षात ठेवावे.

काही वेळा थोडा भाग बाजूला काढून मग वाटणी करायची असते. प्रभावनेसाठी २४९ पुस्तिका आणि १८५ माळा आल्या. त्यांतील ९ पुस्तिका ग्रंथालयासाठी आणि ५ माळा राखीव ठेवायच्या. तर आधी ते वजा करावे. उरले २४० आणि १८०, त्यांचा मसावि ६०. म्हणजे साठ घरांना प्रत्येकी ४ पुस्तिका आणि ३ माळा. मुले मसावि आणि लसावि यांत नेहमी गोंधळतात. त्यांच्यासाठी एक खूण सांगतो. जेथे असलेले मोठे विभागायचे, कापायचे, वाटायचे असते तेथे मसावि. जेथे वेगवेगळ्या गतीने चालणाऱ्या गोष्टी पुन्हा एकत्र कधी येतील असे विचारलेले असते तेथे लसावि. एक व्यापारी दर १२ दिवसांनी आणि दुसरा दर १८ दिवसांनी गावात येत असेल, तर आज एकत्र आलेले ते दोघे ३६ दिवसांनी पुन्हा भेटतील. हा लसावि झाला.

आता थोडे आमच्या वडिलांच्या पिढीकडे वळू. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे १६ आणे होते, त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. वडील सांगत, की त्या काळात गल्ल्यावर रोज वाद होई. कारण काय? १६ आणि १०० यांचा मसावि आहे ४. म्हणून रुपयाचे फक्त चार सारखे भाग असे होते, की जे आण्यांतही पूर्ण आणि पैशांतही पूर्ण : चार आणे म्हणजे २५ पैसे, आठ आणे म्हणजे ५०, बारा आणे म्हणजे ७५. अधले-मधले काहीच जुळत नव्हते. एका आण्याचे होत सव्वासहा पैसे. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे असे आकडे ठरविले होते. म्हणजे एकेक आण्याचा माल तीनदा नेला तर १८ पैसे, आणि एकदम तीन आण्यांचा नेला तर १९! ‘चार आणे’ आणि ‘आठ आणे’ हे शब्द त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यात टिकले, त्यामागे सवयीइतकाच हा मसाविही आहे, असे मला वाटते. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, पण ‘चाराण्याची अक्कल नाही’ असे आपण आजही म्हणतोच.

वार आणि मीटर यांचेही तसेच. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. ९१४४ आणि १०००० यांचा मसावि केवळ ८ आहे. त्यामुळे वार आणि मीटर प्रथम तंतोतंत जुळतात ते थेट १२५० वारांवर, म्हणजे ११४३ मीटरवर. परंतु परस्पर भागाकाराची पायरी-पायरी पाहत गेले, तर वाटेत एक सुंदर जवळची जोडी सापडते : ३५ वार म्हणजे ३२ मीटर आणि वर फक्त ४ मिलिमीटर. व्यवहाराला तेवढे पुरते.

बंधू-भगिनींनो, हे सारे पाश्चात्त्यांकडून आले असे समजण्याचे कारण नाही. आर्यभटांनी इसवी सन ४९९ मधील आपल्या ग्रंथात परस्पर भागाकारावर आधारलेली ‘कुट्टक’ रीत दिली. आणि आपणां जैनांना अभिमान वाटावा असे नाव म्हणजे आचार्य महावीर, अर्थात महावीराचार्य. इसवी सन ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, सोलापूरच्या पलीकडे कर्नाटकात आहे. आपला हा प्रदेशही त्या काळी राष्ट्रकूटांच्याच सत्तेखाली होता. या ग्रंथाचा प्रा. रंगाचार्य यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९१२ मध्ये मद्रास येथे, तर डॉ. लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद १९६३ मध्ये आपल्या शेजारच्या सोलापुरातून प्रसिद्ध झाला. आचार्यश्री दिगंबर परंपरेतील होते. पण बेरजेला संप्रदाय नसतो, हे मी येथे नम्रपणे सांगू इच्छितो.

ग्रंथाच्या आरंभी भगवान महावीरांना वंदन करून आचार्य गणिताची थोरवी सांगतात. व्यापार, संगीत, पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुविद्या, ग्रहांची गती, सर्वत्र गणित लागते, असा त्यांचा आशय आहे. अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांतील सामाईक अवयव आणि उरलेले भागाकार यांच्या गुणाकारातून जी संख्या मिळते, तिला त्यांनी ‘निरुद्ध’ असे नाव दिले. आज आपण तिला लसावि म्हणतो. तिच्याकडे जाण्याचा रस्ता सामाईक अवयवांतूनच जातो.

त्यांच्या ग्रंथातील एक प्रसिद्ध उदाहरण मी माझ्या शब्दांत सांगतो. वनाच्या कडेला दमलेले २३ प्रवासी आले. तेथे फळांच्या ६३ सारख्या राशी आणि वर ७ सुटी फळे होती. सर्व फळे तेवीस जणांत समान वाटली गेली आणि काही उरले नाही. तर एका राशीत फळे किती? परस्पर भागाकार करू : ६३ ला २३ ने भागले, बाकी १७. २३ ला १७ ने, बाकी ६. १७ ला ६ ने, बाकी ५. ६ ला ५ ने, बाकी १. म्हणजे ६३ आणि २३ यांचा मसावि १. १ ने ७ ला भाग जातोच, म्हणून उत्तर नक्की आहे. कुट्टकाने ते येते ५. पडताळा पाहा : ६३ गुणिले ५ म्हणजे ३१५, अधिक ७ म्हणजे ३२२, आणि ३२२ भागिले २३ म्हणजे प्रत्येकी १४ फळे. त्याहून मोठी उत्तरेही निघतात, हे सर्वांत लहान. आता प्रवासी २३ ऐवजी २१ असते तर? ६३ आणि २१ यांचा मसावि २१, आणि ७ ला २१ ने भाग जात नाही. मग राशीत कितीही फळे असोत, ७ फळे उरणारच. वाटणी सुरू करण्याआधीच मसावि सांगून टाकतो की हे जुळणार आहे की नाही. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा उपकार. रांगेतील आठवे मूल रिकाम्या हाती परतल्यावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कागदावर कळलेले बरे.

आपल्या आगमांत गणितानुयोग हा चार अनुयोगांपैकी एक मानला आहे आणि स्थानांग सूत्रात गणिताच्या दहा विषयांची गणना आहे. आपल्या जिल्ह्यातच जन्मलेले आचार्यसम्राट पूज्य आनंदऋषीजी महाराज यांनी धार्मिक शिक्षणावर किती भर दिला आणि पाथर्डीच्या परीक्षा बोर्डाच्या परीक्षांना येथील किती पिढ्या बसल्या, हे आपण जाणता. त्या परीक्षांसाठी आपण श्रावकाची बारा व्रते पाठ केली. त्यांतील बारावे व्रत कोणते? अतिथिसंविभाग. नुसता ‘विभाग’ नव्हे, ‘संविभाग’. माझ्या अल्पमतीला त्या ‘सं’ मध्ये नीट, यथायोग्य, दुसऱ्याचा मान राखून केलेली वाटणी दिसते. जो उरलेले देतो तो विभाग करतो, जो आधी मोजून दुसऱ्याचा वाटा बाजूला काढतो तो संविभाग करतो.

येथे एक शंका येईल. मसावि नेहमीच सोयीचा येतो असे नाही. १४४ वह्या आणि १०३ पेन्सिली असतील, तर मसावि येतो फक्त १. अशा सहमूळ संख्यांची समान वाटणी होतच नाही. मग काय करावे? दोन मार्ग आहेत. पहिला, आणखी ५ पेन्सिली विकत घेऊन १०८ कराव्यात. पाच पेन्सिलींनी छत्तीस मुलांची वाटणी साधते. दुसरा, उरणाऱ्या वस्तूंचे काय करायचे हे आधीच ठरवावे. आमच्या दुकानातील चिंध्या पूर्वीपासून गोधड्या शिवणाऱ्या बायका घेऊन जातात आणि त्या उरलेल्या तुकड्यांतून थंडीत एखाद्या घरातील लेकरांना ऊब मिळते. ज्या कर्जतचे ग्रामदैवतच संत गोदड महाराज आहेत, ज्यांच्या रथाला सारे गाव हात लावते, त्या गावात चिंधीला कोण कमी लेखील? बाकी उरणे हा दोष नाही. उरलेल्याचा विचार न करणे हा दोष आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी विश्वस्त मंडळास एक नम्र सूचना आहे. यापुढे आपल्या प्रत्येक वाटपात आधी यादी, मग हिशेब आणि शेवटी खरेदी, असा क्रम ठेवावा. आणि तो हिशेब मोठ्यांनी न करता पाठशाळेच्या सहावी-सातवीच्या मुलांकडून करवून घ्यावा. त्यांना मसावि समजेल आणि आपल्याला संविभाग. ज्या मुलांनी स्वतः संख्या मांडली, ती उद्या विश्वस्त होतील तेव्हा थप्पी पाहून अंदाज बांधणार नाहीत.

ती मुलगी पुढे कोठे गेली, मला ठाऊक नाही. दुकानात वह्यांची थप्पी दिसली, की तिचा प्रश्न मात्र आजही कानी येतो. तिने मला जे शिकविले ते महाविद्यालयात तीन वर्षे हिशेबशास्त्र शिकूनही मी शिकलो नव्हतो.

बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असल्यास, तसेच आकडेमोडीत काही चूक झाली असल्यास, मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्. आपल्या ट्रस्टचे सेवाकार्य असेच वृद्धिंगत होवो आणि पुढील पन्नास वर्षांत आपल्या दारातून एकही मूल वहीशिवाय परत न जावो, ही प्रभुचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जयजिनेंद्र!